अंधारावर संपणारं स्तोत्र

प्रश्न: आईचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा. रात्री तिला झोप नसते तेव्हा मी तिला बायबलमधली स्तोत्रं वाचून दाखवते. परवा सहज उघडलं तर 88 वं आलं आणि वाचता वाचता मीच अडखळले, शेवटपर्यंत आशेचा एक शब्द नाही हो! चर्चच्या मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या असलं पेशंटसमोर वाचू नये, विश्वास ढळतो. मग हे बायबलमध्ये ठेवलंच कशाला? — एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर: ताई, अडखळलात यात नवल नाही, हे स्तोत्र भल्याभल्यांना जड जातं. दुःखाची स्तोत्रं तशी बरीच आहेत पण बहुतेक कुठेतरी वळतात. 13 वं बघा ना, सुरुवातीच्या दोन ओव्यांतच ‘किती वेळ’ असं चारदा विचारलंय आणि सहाव्या ओवीला गडी गायला लागतो. 88 मध्ये 18 ओव्या होतात तरी ते वळण येतच नाही, आणि मूळ हिब्रूत तर अगदी शेवटचा शब्दच ‘अंधार’ आहे.

आता यातला माणूस काय करतोय ते बघा. दिवसा हाक मारतो, रात्री मारतो, सकाळ झाली की परत तेच. रडून रडून डोळे गेलेत, ओळखीची माणसं लांब गेलीत, कोंडल्यासारखं झालंय बाहेर पडता येत नाही (हे तुमच्या आईला मी सांगायला नको). आणि मधेच तो देवाशी चक्क घासाघीस करतो, मेलेले उठून तुझी स्तुती करणारेत का, कबरेत कोणी तुझ्या दयेचं वर्णन करतं का? त्या काळची समजूत अशी की अधोलोकात सगळं सामसूम, तिथून स्तुती होत नाही, म्हणजे मी मेलो तर तोटा तुझाच, असं तो देवाला सुनावतोय. विश्वास संपलेला माणूस एवढं भांडत बसेल का हो? तो उठून गेला असता. आणि पहिल्याच ओळीत तो देवाला आपला तारणारा म्हणतो, ते पुढे कुठेही मागे घेत नाही.

अजून एक, वरचा मथळा आपण वाचतच नाही. तिथे कोरहाच्या मुलांचं, म्हणजे मंदिरात गाणाऱ्या घराण्याचं, नाव आहे, मुख्य गवयासाठी म्हणून लिहिलंय. म्हणजे हे कोणाच्या डायरीतलं खाजगी पान नव्हे, हे चारचौघांत गायला दिलेलं गाणं होतं, आणि ते गाताना शेवटी कोणी आशेचं कडवं जोडलं नाही.

त्या बाईंचा हेतू चांगलाच असणार पण बायबलमधल्या ईयोबाचे, म्हणजे सगळं गमावून दुःखात बसलेल्या त्या माणसाचे, मित्र आठवा. सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले तोवर ठीक होतं, तोंड उघडलं आणि सगळा घोळ झाला! शेवटी देव त्या मित्रांवरच रागावला, एवढा आरडाओरडा करणाऱ्या ईयोबावर नाही.

तेव्हा आईला विचारा, हे वाचू का म्हणून. हो म्हणाल्या तर सावकाश वाचा, मधे त्या काही बोलल्या तर थांबा, रडल्या तर रडू द्या, आणि संपल्यावर लगेच घाईघाईने 23 व्या, त्या धीर देणाऱ्या स्तोत्राचं पान काढू नका.