अमेरिकेतील सुट्या पैशांत चांदीची नाणी अजून सापडतात का?

अमेरिकेत दुकानातून परत मिळणाऱ्या मोडीत चांदीची जुनी नाणी अजून सापडतात का आणि ती ओळखावीत कशी, असे आपण विचारले आहे. सापडतात, पण क्वचित. आणि बहुतेक जण ज्या नाण्यांत ती शोधतात, त्यांत तर फारच क्वचित.

१९६४ पर्यंतच्या डाइम (दहा सेंट), क्वार्टर (पंचवीस सेंट) आणि हाफ डॉलर (पन्नास सेंट) या नाण्यांत ९० टक्के चांदी असे. २३ जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सही केलेल्या कायद्याने डाइम व क्वार्टरमधील चांदी पूर्णपणे काढली गेली आणि तांब्याच्या गाभ्यावर तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूचे थर असलेली नाणी आली. दर्शनी किंमत सारखीच, पण धातू निराळा, अशी नाणी एकत्र फिरू लागली की लोक चांदीचे नाणे घरात ठेवतात आणि दुसरे खर्च करतात. इथेही तेच झाले. त्यामुळे आज हाती लागते ते बहुधा घरातल्या जुन्या बरणीतून कोणी न पाहता खर्च केलेले, किंवा निवडणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेले नाणे असते.

डाइम व क्वार्टर ओळखणे सोपे आहे. नाण्यांची चळत रचून कडेने पाहावे: नव्या नाण्यांच्या कडेवर तांबूस पट्टा दिसतो, चांदीच्या नाण्याची कड सलग पांढरी असते. शंका उरल्यास वजन करावे. चांदीचे क्वार्टर ६.२५ ग्रॅम भरते, नवे ५.६७ ग्रॅम. चुंबक येथे निरुपयोगी आहे, कारण यांपैकी कोणतेच नाणे त्याला चिकटत नाही.

माझ्या मते नवख्याने सुरुवात पाच सेंटच्या नाण्यापासून करावी. दुसऱ्या महायुद्धात निकेल धातूची गरज युद्धसामग्रीला असल्याने १९४२ च्या उत्तरार्धापासून १९४५ पर्यंत या नाण्यात निकेलऐवजी ३५ टक्के चांदी, ५६ टक्के तांबे आणि ९ टक्के मँगनीज वापरले गेले. वजन नेहमीच्या नाण्याइतकेच, ५ ग्रॅम, आणि कडेवरून काहीच कळत नाही. म्हणूनच ही नाणी निवडणाऱ्यांच्या हातून अधिक सुटली. ओळखीची खूण मागच्या बाजूला आहे: माँटिसेलो वास्तूच्या घुमटावर पी, डी किंवा एस हे टाकसाळीचे मोठे अक्षर. १९४२ सालात दोन्ही प्रकार निघाल्यामुळे केवळ साल पाहून निर्णय करू नये. या नाण्यांवर काळपट, मळकट छटा येते, आणि ती पाहूनच अनेक जण त्यांना बाजूला टाकतात, याचे मला खरोखर वाईट वाटते.

हाफ डॉलर दुकानात फारसा मिळत नाही. बँकेतून गुंडाळ्या मागून पाहाव्यात. १९६५ ते १९७० च्या या नाण्यांत ४० टक्के चांदी आहे, मात्र १९७० चे नाणे केवळ संग्राहकांच्या संचांत आले. १७७६–१९७६ असे दुहेरी साल असलेल्या नाण्यांविषयी बराच गैरसमज आहे: चलनात आलेल्या त्या नाण्यांत चांदी नाही, ४० टक्के चांदीची नाणी एस अक्षरासह संग्राहकांना स्वतंत्र विकली गेली.

नाणे सापडल्यावर ते घासू नये, कारण चकाकी आणण्याच्या नादात संग्रहमूल्य जाते. झिजलेल्या १९६४ च्या क्वार्टरची किंमत प्रामुख्याने धातूचीच असते, परंतु १९३२ च्या क्वार्टरवर मागच्या बाजूला गरुडाखाली डी किंवा एस अक्षर असेल, तर ते वजनावर मुळीच विकू नये. आधी जाणकाराकडून तपासून घ्यावे.