रिझोल्यूशनला हात लावू नका

अक्षरं फार बारीक दिसतात म्हणून फोर-के मॉनिटरचं रिझोल्यूशन (पडद्यावरच्या ठिपक्यांची संख्या) कमी केलंत ना, तिथंच घोळ झाला; अक्षरं मोठी झाली, पण फिसकटली. आपल्या सोलापुरी चादरीचंच बघा की: तेवढ्याच धाग्यांची नक्षी बारीक सुतात विणली की लहान उतरते. फोर-केच्या ३८४० बाय २१६० पिक्सेलचं, म्हणजे ठिपक्यांचं, तसंच: ठिपके बारीक, म्हणून अक्षरं लहान. रिझोल्यूशन परत तेवढंच करा आणि तसंच राहू द्या. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल १५० टक्के करा. तरी एखाद्या साइटवर मुंग्याच दिसल्या तर कंट्रोल धरून अधिकचं बटण दाबा; क्रोम त्या साइटपुरतं ते लक्षात ठेवतं. मराठी मजकुराला मी आणखी एक टप्पा वाढवतो, नाहीतर मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत घुसतात. (एकदा सुताच्या दरात मी तिनाचा आठ वाचलाय!) फार मोठं झालं तर कंट्रोल आणि शून्य दाबा, साइटचा आकार पूर्ववत होतो.