हापूस नव्हे, हप्पूक

न्यू जर्सीहून एक आजी लिहितात, "सूनबाई अमेरिकन. तिच्या पणजीचं नाव नातीला ठेवायचं म्हणते, केरेन-हप्पूक! पुण्याला फोनवर सांगितलं तर जाऊबाई म्हणाल्या, काय, हापूस? बारशाला चारचौघींत हे नाव कसं घ्यायचं? शिवाय मुलगा घरात मराठी बोलत नाही आणि व्याह्यांना तिखट चालत नाही."

तिखट कमी घाला. मुलगा इंग्रजीत बोलला तरी तुम्ही मराठी सोडू नका. झालं. आता नावाचं बघू, कारण नाव म्हटलं की मला राहवत नाही.

अहो आजी, पुण्याला फोन लावण्याआधी सुनेला अर्थ विचारलात का? नाहीच ना! बायबलातल्या ईयोबानं सगळं गमावलं, मग दिवस पालटले आणि त्याला सात मुलगे, तीन मुली झाल्या. यमीमा, कसीया आणि ही तिसरी. कसीया म्हणजे दालचिनीची बहीण, तज. हिब्रूत 'केरेन' म्हणजे शिंग आणि 'पूक' म्हणजे डोळ्यांत घालायचं अंजन. अंजनाचं शिंग, म्हणजे आपली काजळाची डबी की हो! शनिवारी 'अंजनीसुत' म्हणून मारुतीला हात जोडता, तेव्हा नाही परकं वाटत?

माझी आजी तुपाच्या दिव्यावर तांब्याची ताटली उपडी धरायची, साचलेली काजळी लोण्यात खलून पितळी डबीत भरायची आणि करंगळीनं माझ्या गालाला तीट लावायची. ती डबी आज माझ्याकडे आहे, सुया ठेवायला. (तीट लावा, पण नातीच्या डोळ्यांत सुरमा नको. त्यात शिसं असू शकतं. डॉक्टर ओरडतील, आणि बरोबरच ओरडतील.)

आणखी एक. त्या सात मुलग्यांपैकी एकाचंही नाव तिथे दिलेलं नाही, मुलींची मात्र तिन्ही आहेत. वर बापानं त्यांना भावांच्या बरोबरीनं वाटा दिला. आपल्याकडे 2005 साली कायदा दुरुस्त झाला, वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीला मुलाइतका हक्क मिळाला, आणि पुढच्याच मे महिन्यात सुट्टीवर गेलेली मी हक्कसोडपत्रावर सही करून, एक साडी घेऊन परत आले. असो.

हिब्रू नावं आपल्याला नवीन आहेत असंही नाही. कोकणातल्या बेने इस्रायलींनी, म्हणजे आपल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी, शमुवेलचा सामाजी केव्हाच केला. मुंबईत 1796 साली त्यांचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, बांधणारे सामाजी हसाजी दिवेकरच.

तेव्हा कागदावर केरेन-हप्पूक राहू दे. नुसतं 'केरेन' मात्र करू नका, तिथे 'कॅरेन' म्हणजे तोऱ्यात हुज्जत घालणारी बाई, पोरं 'कॅरेन, कॅरेन' करून चिडवतील. पाळण्यात घालताना आत्यानं कानात 'अंजनी' म्हणावं. आणि तुमच्या ट्रंकेच्या तळाशी एखादी काजळाची डबी असेलच, ती चिंचेनं घासून बारशाच्या दिवशी सुनेच्या हातात ठेवा.