अप्पर टिकतो, डिपर विझतो

प्रश्न : माझ्याकडे १९९९ सालची एक छोटी पेट्रोल गाडी आहे. कामानिमित्त आठवड्यातून दोनदा चिपळूणहून कराडला जावे लागते आणि परतताना कुंभार्ली घाटात बहुतेक वेळा रात्र होते. गेल्या महिन्यापासून डिपरवर (जवळच्या, खाली पडणाऱ्या झोतावर) चालताना पुढचे दोन्ही दिवे एकदम विझतात. स्टिअरिंगजवळची दांडी थोडी हलवली की पुन्हा लागतात. अप्परवर (लांबच्या झोतावर) असे एकदाही झालेले नाही. अर्ध्या तासाच्या प्रवासानंतर दांडीच्या मुळाशी हात लावला तर चटका बसतो आणि प्लास्टिक करपल्यासारखा वास येतो. फ्यूज शाबूत आहेत. उजेड कमी पडतो म्हणून दोन वर्षांपूर्वी मी १००/९० वॅटचे बल्ब बसवले होते. आमचे इलेक्ट्रिशियन म्हणतात की स्विच बदलावा लागेल, किंवा स्वस्तात हवे असेल तर वेगळे बटण लावून ‘डायरेक्ट’ करून देतो. मी काय करावे? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : सर्वांत आधी एक कळकळीची विनंती. हा दोष दूर होईपर्यंत रात्री ही गाडी घाटात नेऊ नका. वळणावर दिवे विझले तर दांडी चाचपडण्याइतकाही वेळ हाताशी नसतो, आणि करपल्याचा वास येत असताना गाडी चालवत राहिल्यास वायरिंग पेटण्याचाही धोका असतो.

तुम्ही लक्षणे बारकाईने लिहिली आहेत, त्यामुळे निदानाचे अर्धे काम झालेच आहे. दोन्ही बाजूंचे दिवे एकाच क्षणी जातात आणि एकाच क्षणी परत येतात; दोन बल्ब असे ठरवून विझत नाहीत. उडालेला फ्यूज दांडी हलवल्याने जुळत नाही. राहतो तो दोन्ही दिव्यांना सामाईक असलेला भाग. तुमच्या काळातील बऱ्याच छोट्या गाड्यांमध्ये दिव्यांसाठी रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नसे. दिव्यांचा सगळा करंट दांडीखालच्या कॉम्बिनेशन स्विचमधूनच जात असे. या स्विचमध्ये दिवे चालू करणारा संपर्कबिंदू वेगळा आणि अप्पर-डिपर निवडणारे संपर्कबिंदू वेगळे असतात. अप्पर बिनतक्रार टिकतो, त्याअर्थी पहिला संपर्क बहुधा ठीक आहे आणि जळाला आहे तो डिपरचा. तो आधी जळणे स्वाभाविकच आहे, कारण अप्पर आपण अधूनमधून वापरतो, डिपर मात्र तासन्‌तास चालू असतो.

तरीही केवळ तर्कावर विसंबून नवा स्विच विकत घेऊ नये. स्विच काढून मल्टिमीटरने त्याची ‘कंटिन्यूइटी’ (करंटचा मार्ग अखंड आहे का) पाहिली की परीक्षा झाली, असे अनेकजण मानतात. मीटर जो करंट सोडतो तो अतिशय सूक्ष्म असतो, आणि जळून अर्धवट उरलेला संपर्कही तेवढा करंट सहज वाहू देतो. मीटर वाजतो, स्विच निर्दोष ठरतो आणि रात्री दिवे पुन्हा जातात. खरी परीक्षा भार असतानाच करावी लागते. स्टिअरिंगखालचे प्लास्टिकचे आवरण साधारणपणे खालून काही स्क्रूंनी बसवलेले असते; ते काढल्यावर स्विचचा कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड) दिसतो. कपलर जोडलेलाच ठेवा, इंजिन चालू करा, दिवे डिपरवर लावा आणि मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून त्याची एक सळई स्विचमध्ये येणाऱ्या वायरच्या मागून आणि दुसरी डिपरकडे जाणाऱ्या वायरच्या मागून टेकवा. मीटर दाखवील तेवढे व्होल्ट स्विचमध्ये वाया जात आहेत असे समजावे. ०.२ ते ०.३ व्होल्ट चालून जातात. अर्ध्या व्होल्टच्या वर गेल्यास संपर्क बिघडला आहे. दिवे दहा मिनिटे तसेच ठेवून आकडा चढतो का ते पाहा, आणि दांडी हळूच हलवून तो उड्या मारतो का तेही पाहा. काही गाड्यांत अप्पर-डिपरचा स्विच बल्बच्या अर्थच्या (बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतणाऱ्या) बाजूला जोडलेला असतो आणि तिथे नुसता टेस्ट लॅम्प वापरणाऱ्याची फसगत होते. स्विचच्या दोन टोकांमधील हे मोजमाप मात्र दोन्ही रचनांत सारखेच विश्वासार्ह ठरते.

आता मूळ कारणाकडे वळू. अप्पर-डिपर एकातच असलेल्या एच-४ बल्बचे प्रमाणित माप ६०/५५ वॅट, म्हणजे अप्परला ६० आणि डिपरला ५५ वॅट आहे. डिपरचे दोन बल्ब मिळून ११० वॅट होतात, म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर. तुमचे बल्ब डिपरवर १८० वॅट घेतात. तो करंट १५ अँपिअर होतो. मूळ स्विच, कपलर आणि वायरी यांपैकी काहीही त्यासाठी बनवलेले नाही. जळत चाललेल्या संपर्कात समजा २ व्होल्ट वाया गेले, तर त्या इवल्याशा जागी २५ वॅटच्या आसपास उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीचे छोटे सोल्डरिंग आयर्नही साधारण तेवढ्याच ताकदीचे असते. चटका आणि वास तिथून येतो. त्यात दुःखाची गोष्ट अशी की, ज्या उजेडासाठी हे सगळे केले तो उजेडही हाती लागत नाही. बल्बला मिळणारे व्होल्टेज १० टक्क्यांनी घटले, तर प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. दोन वर्षांपूर्वी तुम्हाला उजेड कमी वाटत होता त्याचेही कारण बल्बची वॅट नसून वायरिंगमधील हीच गळती असण्याची शक्यता मोठी आहे.

स्विच बदलताना प्रथम बॅटरीची ऋण वायर काढावी. तुमच्या गाडीत एअरबॅग नसेल, म्हणून हे काम सवयीच्या माणसाला घरी करता येईल. स्टिअरिंगवर एअरबॅग असलेल्या गाडीत मात्र हे घरी करू नये, असे माझे ठाम मत आहे. चाके सरळ ठेवा, हॉर्नचा पॅड काढा, मधला नट सैल करा आणि तो पूर्ण काढण्यापूर्वी दांडा व स्टिअरिंग यांच्यावर समोरासमोर खूण करा, म्हणजे परत बसवताना स्टिअरिंग तिरके होणार नाही. स्टिअरिंग घट्ट बसले असेल तर पुलर वापरावा. दांड्यावर हातोडी मारू नये, कारण अपघातात दबून चालकाची छाती वाचावी अशी रचना काही गाड्यांच्या स्टिअरिंग कॉलममध्ये केलेली असते आणि घावांनी तीच बिघडते. नवा स्विच बसवताना कपलरमधील वायरींची जुन्याशी तुलना करा. नट पुन्हा आवळताना टॉर्क पान्ह्याने गाडीच्या पुस्तिकेतील मापापर्यंतच आवळा.

कपलर मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा. त्याचे प्लास्टिक तपकिरी झाले असेल, पिन सैल किंवा काळ्या पडल्या असतील, तर नवा स्विच त्या जुन्या कपलरात बसवण्यात अर्थ नाही. सैल पिन तापते आणि ती उष्णता नव्या स्विचमध्ये शिरते. वायरींसह तयार मिळणारा कपलर घेऊन योग्य जाडीच्या वायरींवर सोल्डर करून किंवा नीट क्रिंप करून जोडा. नुसते पिळून टेप गुंडाळणे इथे चालणार नाही.

याच वेळी हेडलाइटचे रिले किट बसवून घ्या. खरे सांगायचे तर या सगळ्या खर्चातला सर्वांत सार्थकी लागणारा खर्च हाच आहे. रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनला बॅटरीजवळच फ्यूज ठेवून थेट जाड वायर येते, ८७ क्रमांकाच्या पिनवरून बल्बला पुरवठा जातो, आणि जुन्या स्विचवाटे ८५ व ८६ या पिनांमधील गुंडाळी फक्त चालू-बंद होते. या गुंडाळीला अँपिअरचा लहानसा अंशच लागतो, त्यामुळे स्विच थंड राहतो. तुमच्या गाडीत स्विच अर्थच्या बाजूला असेल, तर त्या रचनेला जुळणारे किट हवे, हे दुकानदाराला आधीच सांगा. आणि १००/९० चे बल्ब काढून टाका. रिले बसवल्यानंतर ते चालतील असे तुम्हाला सांगितले जाईल. पण त्यांची उष्णता होल्डर व रिफ्लेक्टर यांना सोसत नाही आणि घाटात समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात ते वेगळेच. ६०/५५ च्या चांगल्या बल्बला पूर्ण व्होल्टेज मिळाले की किती लख्ख उजेड पडतो, हे तुम्ही पहिल्याच रात्री पाहाल.

‘डायरेक्ट’ करून घेऊ नका. घरगुती दिव्याचे बटण ६ अँपिअरचे असते आणि प्रमाणित बल्बही त्यातून ९ अँपिअर ओढतील. जळण्याची जागा तेवढी बदलेल, आणि अप्पर-डिपरसाठी हात स्टिअरिंगपासून दूर न्यावा लागेल तो त्रास वेगळा.

प्रश्न : माझ्या गाडीचा फक्त डावा दिवा मंद लागतो आणि डावा इंडिकेटर दिला की तो आणखी फडफडतो. मलाही स्विच बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. तो घ्यावा का? — एक वाचक, बार्शी

उत्तर : नाही. एकच बाजू मंद असताना स्विचवर संशय घेण्याचे कारण नाही; दोन्ही दिव्यांना पुरवठा तोच करतो आणि तुमचा उजवा दिवा व्यवस्थित आहे. इंडिकेटरबरोबर उजेड फडफडणे हे डाव्या बाजूच्या सामाईक अर्थचा संपर्क बिघडल्याचे ठळक लक्षण आहे. दिवा लावून मीटरची एक सळई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी बल्बच्या कपलरातील अर्थच्या पिनवर ठेवा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर अर्थची वायर जिथे बॉडीला बोल्टने जोडली आहे ती जागा शोधून गंज व रंग पॉलिश पेपरने घासून काढा, बोल्ट घट्ट करा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा.