संत्र्याच्या फुलांच्या परफ्यूमला तासाभराने डांबरगोळीसारखा वास का येतो? बाटली खराब आहे का?

बहुतेक नाही. सुरुवातीचा साबणासारखा ताजा वास उडाल्यावर मागे राहतो तो इंडोल या रसायनाचा. इंडोल मूळ फुलातच असतं, मोगऱ्यातही असतं. दिवसभर माळलेल्या गजऱ्याला रात्री जो जडसर, किंचित कुबट गोडवा येतो, तोच हा.

हे फूल कडू संत्र्याचं. नागपुरी संत्र्याचं झाड वेगळं. ट्युनिशियात नाबुलच्या आसपास मार्च-एप्रिलमध्ये ही फुलं हाताने खुडतात. वाफेवर ऊर्ध्वपातन केलं की नेरोली तेल मिळतं, साधारण टनभर फुलांमागे एक किलो. हेक्झेनसारख्या द्रावकाने अर्क काढला की मिळतं अ‍ॅब्सोल्यूट. नेरोलीत लिनालूल आणि लिमोनीन ही सुगंधी रसायनं भरपूर, म्हणून ते हलकं, हिरवट आणि लवकर उडणारं. अ‍ॅब्सोल्यूटमध्ये इंडोल आणि द्राक्षाच्या गोळीसारखा वास देणारं मिथाइल अँथ्रानिलेट जास्त, म्हणून ते जड आणि टिकाऊ. तुमच्या बाटलीत बहुधा दोन्ही प्रकारचे घटक आहेत, आणि ते आपापल्या वेळी वर येतात.

इंडोल सोसत नसेल तर वर्णनात नेरोली, पेटिग्रेन (त्याच झाडाच्या पानाकाड्यांचं तेल) असे शब्द शोधा; चमेली किंवा निशिगंध सोबत असेल तर जपून. अर्थात ही वर्णनं जाहिरातवाले लिहितात, शेवटी त्वचेवरच बघावं लागतं. दुकानातल्या कागदी पट्टीवर निवाडा करू नका. पट्टीला अंगाची ऊब नसते, त्यामुळे जड भाग उशिरा कळतो. मनगटावर एक फवारा, आणि निर्णय दोन तासांनी.

कोलोनमध्ये सुगंधी द्रव्य जेमतेम २ ते ५ टक्के असतं, तेव्हा ते तास-दोन तासांत जाणारच. त्याला कमअस्सल म्हणू नये. ओ द पार्फ्यूममध्ये ते १५ ते २० टक्के असतं. मुंबईच्या दमट उकाड्यात त्याचा एकच फवारा पुरे, तोही गळ्याऐवजी छातीवर, शर्टाच्या आत. नाकाखाली सतत वास राहिला की नाक थकतं, मग माणूस आणखी फवारतो आणि लिफ्टमधल्या लोकांना त्रास. त्वचा कोरडी असेल तर आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. पांढऱ्या सुती कपड्यावर मात्र नको. अ‍ॅब्सोल्यूट मुळात तपकिरी-नारिंगी असतं आणि डाग धरतं.

बाटलीतला द्रव हळूहळू गडद झाला तरी घाबरू नका. मिथाइल अँथ्रानिलेटची व्हॅनिलिनसारख्या (व्हॅनिलाचा वास देणाऱ्या) अल्डिहाइड गटातल्या रसायनांशी अभिक्रिया होऊन रंग चढतो. खरं बिघडणं ओळखायचं ते पहिल्या मिनिटात: ताज्या सालीऐवजी टर्पेंटाइनसारखा आंबूस दर्प आला, तर लिमोनीन हवेने ऑक्सिडाइझ झालंय. अशी बाटली अंगाला लावू नका. ऑक्सिडाइझ झालेल्या लिमोनीन आणि लिनालूलने काहींना पुरळ येतं. बाटली बिघडू नये म्हणून झाकण घट्ट लावून कपाटात ठेवा, बाथरूममध्ये नको. आणि पुढच्या वेळी मोठ्या बाटलीआधी २ मिलिलिटरचं सॅम्पल घ्या. एकदा एसीत, एकदा भर दुपारी बाहेर लावून बघा.