एम५ मॅक मिनी आला तर आत काय असेल आणि किंमत किती?

मॅक मिनी म्हणजे ॲपलचा छोटा डेस्कटॉप संगणक. तो बाहेरून बहुधा काहीच बदलणार नाही. १२.७ सेंमी चौरस आणि ५ सेंमी उंच हा नवा साचा २०२४ मध्येच आला, आणि त्याआधीचा २०१० पासून चालवला होता. म्हणजे तळाशी लपवलेलं पॉवर बटण इतक्यात वर येत नाही.

आतला अंदाज सोपा आहे, कारण एम५ चिप ऑक्टोबर २०२५ मध्ये मॅकबुक प्रोमध्ये आलीच. सीपीयूचे कोअर एम४ इतकेच, १०. खरा फरक मेमरी बँडविड्थमध्ये, म्हणजे चिप आणि मेमरी यांच्यात डेटा किती वेगाने जातो यात: सेकंदाला १२० जीबीवरून १५३ जीबी. शिवाय प्रत्येक जीपीयू (ग्राफिक्स) कोअरमध्ये न्यूरल ॲक्सिलरेटर, म्हणजे एआयची गणितं वेगाने करणारा भाग. मशीनवरच एआय मॉडेल चालवणाऱ्यांना हे जाणवेल, ब्राउझर-एक्सेलवाल्यांना नाही.

किंमत? एम२ आणि एम४ मिनी दोन्ही अमेरिकेत ५९९ डॉलरपासून सुरू झाले. हा आकडा ॲपल सहजी सोडणार नाही. रॅमच्या महागाईचा भार टाकायचाच झाला, तर किंमत वाढवण्याऐवजी २५६ जीबी स्टोरेजचं मॉडेलच काढून ५१२ पासून सुरुवात करतील, असा माझा होरा.

काहीही झालं तरी जादा पैसे रॅमवर घाला. ती चिपच्या पॅकेजवरच असते, नंतर वाढवता येत नाही. स्टोरेजसाठी बाहेरून एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) लावता येते. फक्त एनक्लोजर, म्हणजे ती बसवायची बाहेरची डबी, थंडरबोल्ट किंवा यूएसबी४ चं घ्या. साधं १० गिगाबिट यूएसबीवालं घेतलंत तर वेग सेकंदाला १००० एमबीच्या आसपास अडकतो.