चाळिशी लागली म्हणजे डोळ्यात नेमकं काय होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४३, आजवर चष्मा नाही, लांबचं अजूनही लख्ख दिसतं, पण गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचायला हात लांब न्यावा लागतो. मुलाच्या पुस्तकात ‘डोळ्यातलं भिंग प्रतिमा तयार करतं’ असं वाचून आपलं भिंगच बिघडलं की काय, अशी शंका आली. आणि मैत्रीण म्हणते, चष्मा लावलास की नंबर वाढत जाईल, त्यापेक्षा डोळ्यांचे व्यायाम कर.

मी २५ वर्षं लोकांचे नंबर काढतोय. हा प्रश्न दर आठवड्याला येतो, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडी भीती असते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रकाश वळवण्याचं मोठं काम आतलं भिंग करतच नाही. ते करतं पारपटल, म्हणजे डोळ्याच्या अगदी पुढची ती पारदर्शक काच. डोळ्याची एकूण ताकद साधारण ६० डायऑप्टर (प्रकाश वळवण्याची ताकद मोजायचं एकक) धरली, तर त्यातले ४३ च्या आसपास एकट्या पारपटलाचे. कारण हवेतून आलेला किरण इथेच पहिल्यांदा दाट माध्यमात शिरतो. कधी विहिरीत बुडी मारून डोळे उघडले असतील तर आठवून पाहा, सगळं धूसर दिसतं. प्रकाशाच्या दृष्टीने पाणी आणि पारपटल जवळजवळ सारखेच, त्यामुळे पारपटलाची ताकद जवळपास संपते. पोहण्याचा गॉगल लावला की डोळ्यापुढे पुन्हा हवा येते आणि पायरीवरचं शेवाळसुद्धा स्पष्ट दिसतं.

मग आतलं भिंग कशाला? जवळ-लांब करायला. आत्ता एक डोळा मिटा आणि खिडकीच्या गजांकडे तोंड करून, डोळ्यापासून वीतभर अंतरावर बोट धरा. बोटावर नजर ठेवली की गज पुसट होतात, गजांकडे पाहिलं की बोट पुसट होतं. तुमच्या वयाला बोट थोडं लांब धरावं लागेल. हा बदल पारपटलामुळे होत नाही, हे इंग्रज वैज्ञानिक थॉमस यंग यांनी १८०१ साली दाखवून दिलं. त्यांनी स्वतःच्या डोळ्यापुढे पाणी धरून पारपटलाची ताकद काढून टाकली, तेवढ्याच ताकदीचं भिंग पुढे बसवलं, आणि तरीही त्यांना जवळ-लांब करता येत होतं. म्हणजे हालचाल आत होती.

आतली यंत्रणा अनेकांना उलटी वाटते. भिंगाच्या भोवती कड्यासारखा सिलिअरी स्नायू असतो आणि बारीक तंतूंनी भिंग त्याला बांधलेलं असतं. मांडवाचं कापड चहूबाजूंनी दोरांनी ताणावं तसं. लांब पाहताना स्नायू सैल असतो, कडं मोठं असतं, तंतू ताणलेले आणि भिंग चपटं. जवळ पाहताना स्नायू आवळतो, कडं लहान होतं, खांब आत सरकावेत तसे तंतू ढिले पडतात, आणि भिंग स्वतःच्या लवचिकपणामुळे फुगतं. फुगलं की ताकद वाढते. हे जर्मन वैज्ञानिक हेल्महोल्ट्झ यांनी १८५५ मध्ये मांडलं.

आता तुमची चाळिशी. भिंग जन्मभर वाढत राहतं आणि वयाबरोबर घट्ट होत जातं. तंतू ढिले पडतात, पण भिंग पूर्वीसारखं फुगत नाही. दहा वर्षांच्या मुलाकडे फुगवण्याची ही ताकद दहा-बारा डायऑप्टर असते, चाळिशीत चार-पाच उरते, साठीत जेमतेम एक. यातली साधारण निम्मीच ताकद आपण न थकता सतत वापरू शकतो. तुमच्याकडे चार असतील तर आरामात दोन वापरता येतील, आणि दोन डायऑप्टरचं अंतर म्हणजे १०० सेंमी भागिले दोन, ५० सेंमी. तुमचा हात लांब जातो तो इथवर!

म्हणून व्यायामाने चाळिशी जात नाही. अडचण भिंगाच्या घट्टपणाची आहे, आणि स्नायू कितीही आवळला तरी घट्ट भिंग मऊ होत नाही. दोन्ही डोळे जवळ वळवण्यात कमजोरी असेल तिथे व्यायामाचा खरा उपयोग होतो, पण ते दुखणं वेगळं.

चष्म्याने नंबर वाढतो, हेही खरं नाही. आज +१ च्या आसपास लागेल, साठीपर्यंत +२.५ च्या जवळ जाईल, चष्मा लावा किंवा लावू नका. न लावल्याने फक्त डोकं दुखेल. ज्यांना आधीपासून मायनस नंबर आहे ते चष्मा काढून वाचतात, त्यांना चाळिशी लागत नाही असं नाही, त्यांचा डोळा मुळातच जवळ फोकस झालेला असतो.

एक विनंती मात्र मनापासून. रस्त्यावरून तयार चष्मा घेऊन मोकळ्या होऊ नका. चाळिशीनंतर डोळ्याचा दाब आणि मागचा पडदा एकदा तपासून घ्या, कारण काचबिंदू बहुतेक वेळा दुखत नाही आणि गेलेली नजर परत येत नाही. आणि घरात सत्तरीचं कुणी ‘आता चष्म्याशिवाय वाचता येतं’ म्हणून खुशीत असेल, तर त्यांनाही बरोबर न्या. मोतीबिंदू पिकताना भिंगाची ताकद वाढून असं होतं.

तपासणी होईपर्यंत पाकिटावरची तारीख अडलीच, तर जाड कागदाला टाचणीने भोक पाडा, डोळ्याला चिकटवून धरा आणि भरपूर उजेडात वाचा. बारीक भोकातून किरणांचा पसारा कमी होतो, अक्षरं थोडी काळपट पण स्पष्ट दिसतील.